बोईसरची बक्षीसबंदी

गिऱ्हाईक उठून गेल्यावर बशीतलं नाणं उचलायला वेटर वाकतो, तेव्हा त्याच्याबरोबर सगळा कामगारवर्ग वाकतो. हे वाक्य मी विसाव्या वर्षी आमच्या हॉटेलच्या मागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं. आमच्यातले सर्वांत जुने वेटर तात्या यांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, "टेबलं बुटकी आहेत म्हणून वाकावं लागतं, मधुकरराव. शेटना सांगा, उंच करा."

दिवाळी अंकांत निवृत्त न्यायाधीश आठवणी लिहितात, वनाधिकारी लिहितात, शिकारी तर दरवर्षी लिहितात. या सगळ्यांना चहा नेऊन देणारा माणूस कधी लिहीत नाही. तो लिहील तर बरंच काही बाहेर येईल, या भीतीने त्याला कोणी विचारत नसावं. मला संपादकांनी विचारलं, त्याचं श्रेय त्यांना. पुढच्या भांडणांची जबाबदारी माझी.

मी मूळ पालघरचा. माझे मामा मुंबईला गिरणीत होते. सुट्टीला आले की ते भाचरांसाठी खाऊ आणत नसत, युनियनची पत्रकं आणत. आमच्या घरात वाचायला दुसरं काही नव्हतं, त्यामुळे मी मुळाक्षरांनंतर एकदम मागण्या शिकलो. मॅट्रिक झाल्यावर गवताच्या वखारीत कारकून म्हणून लागलो. गवताच्या गठड्या वॅगनमध्ये चढवणाऱ्या हमालांना कामाचे तास किती असावेत ते मी सांगितलं आणि त्याच आठवड्यात माझे तास संपले. मग एका छापखान्यात लागलो. तिथे लग्नपत्रिकेच्या कोऱ्या जागेत हुंड्याविरुद्ध दोन ओळी जुळवल्या. त्या छापूनही गेल्या. वधूपित्याला आवडल्या, वरपित्याला आवडल्या नाहीत.

दुसऱ्यांदा घरी आलो तेव्हा आईने भाकरी थापता थापता सांगितलं, "मध्या, तिसऱ्यांदा तत्त्व घेऊन घरी आलास ना, तर ताटात तेच वाढीन."

अशा परिस्थितीत मी बोईसर स्टेशनासमोरच्या समाधान भोजनालयात वेटर म्हणून लागलो. ही नोकरी टिकवायचीच, असं ठरवून लागलो. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, कारण पुढे मी जे काही केलं ते पाहून कोणाला तसं वाटणार नाही.

बाहेरच्यांना वाटतं वेटरचं काम म्हणजे आणणं आणि नेणं. ते तर बैलही करतो. खरं काम नजरेचं. कोणाला चहा घाईने हवा, कोणाला गाडी येईपर्यंत पुरवायचा आहे, कोण भांडून घरातून निघालाय आणि त्याला बोललेलं चालणार नाही, हे माणूस खुर्ची ओढतो त्या आवाजावरून कळावं लागतं. तात्या त्यातले उस्ताद. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. गिऱ्हाईकाची सुटी मोड परत आणताना ते बडीशेपेची बशी अशी मांडत की नोटा बडीशेपेच्या वर आणि चिल्लर बडीशेपेच्या आत. माणूस नोटा उचलायचा; चिल्लरीसाठी बडीशेप उकरत बसणं चारचौघांत बरं दिसत नसे. मग तो मानभावीपणे चार दाणे तोंडात टाकून उठायचा. "मी मागितलं का?" तात्या मला विचारायचे. "मी फक्त त्याला उदार व्हायला मदत केली."

मी लागलो तेव्हा बोईसरमध्ये आपणहून टिप देणं हा प्रकारच नव्हता. गवताचे व्यापारी, शेतावरून आलेले लोक, तारापूर-चिंचणीकडून गाडीसाठी आलेले प्रवासी चहा प्यायचे, मिशा पुसायचे, जायचे. वेटरला कोणी काही द्यायचं ते दिवाळीत, पोस्त म्हणून, आणि तेही घरच्या फराळाच्या पुडीत. गोवर्धनशेट म्हणून गवताचे एक मोठे व्यापारी होते. त्यांनी आयुष्यात कोणाला टिप दिली नव्हती, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. रोज बसायचे, रोज तात्यांच्या तब्येतीची चौकशी करायचे आणि बडीशेप उकरून शेवटचा पैसा उचलायचे. तात्यांची कला त्यांच्यापुढे हरली होती.

मग तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं आणि सगळं बदललं. जीपगाड्या आल्या, ठेकेदार आले, हिंदी बोलणारे फिटर आणि वेल्डर आले, मुंबईचे इंजिनियर आले, आणि गोरे साहेबही आले. त्यांच्याबरोबर टिप आली. पावसानंतर तण उगवावं तशी ती टेबलाटेबलावर उगवली.

पहिला गोरा साहेब आमच्याकडे आला तो माझ्याच टेबलावर बसला. लाल, उंच, भला माणूस होता. पापलेट खाल्लं, काटे नीट एका रांगेत लावून ठेवले, पैसे दिले आणि वर एक अख्खी नोट बशीखाली ठेवून निघाला. मला वाटलं विसरला. मी नोट घेऊन जीपमागे धावलो. साहेबाने जीप थांबवली, नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कमी पडली असं समजून आणखी एक नोट काढली. मी दोन्ही हात हलवले. "नो, नो! टिप नो! वेज! वेज!" मला म्हणायचं होतं की कामगाराला बक्षीस नको, वेतन हवं. साहेबाने बराच विचार केला आणि सिगारेटचं पाकीट माझ्या हातावर ठेवलं. मी पाकीट परत करू लागलो तेव्हा त्याने घड्याळाकडे हात नेला. इतक्यात तात्या धापा टाकत आले, माझ्या हातातून दोन्ही नोटा आणि पाकीट घेतलं, साहेबाला वाकून सलाम केला आणि मला म्हणाले, "चल. अजून थोडा वेळ तत्त्व सांगितलंस तर तो बिचारा उघडा घरी जाईल."

हे हसण्यावारी गेलं असतं. पण टिपेबरोबर दुसरी एक गोष्ट आली, ती हसण्यासारखी नव्हती.

एक ठेकेदार यायचा. नाव सांगत नाही, सगळे त्याला ठेकेदारच म्हणायचे. तो टिप शेवटी देत नसे, आधीच देई. आत शिरतानाच "ए तात्या!" म्हणून नाणं टेबलावर आपटायचा, की सगळं हॉटेल वळून पाहायचं. मग त्याचा चहा आधी, त्याची भजी गरम, त्याच्या टेबलावर पंखा. एके दिवशी मनोरकडचं एक वारली जोडपं बांधकामावर खडी फोडायला आलेलं, दुपारी कोपऱ्यात येऊन बसलं. दोन चहा सांगितले. तात्या तीनदा त्यांच्यावरून गेले आणि तिन्ही वेळा ठेकेदाराकडे. शेवटी ती बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "चल, उठू. आपल्याला नाय देत वाटतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, याचाच मला जास्त राग आला. त्यांना चहा मी दिला. पण त्या दिवशी मला पक्कं कळलं, की टिपेने वेटर वाकतो हे अर्धंच खरं. टिप न देणारा माणूसही तिच्यामुळे खुर्चीवर बसल्या जागी लहान होतो. चहाची किंमत सर्वांना सारखी लिहायची आणि चहा मात्र ऐपत बघून द्यायचा, ही सरळ लबाडी आहे. हे माझं मत तेव्हा होतं, आजही आहे, आणि पुढे घडलेल्या प्रकाराने ते बदललेलं नाही.

मी सगळ्या वेटरांना मागच्या मोरीपाशी जमवलं आणि मालकांपुढे दोन मागण्या ठेवल्या. एक, पगार वाढवा. दोन, बक्षीस बंद करा. आमचे मालक आप्पाशेट गल्ल्यावर बसून कान कोरत होते. त्यांनी दोन्ही मागण्या शांतपणे ऐकल्या.

"दुसरी मागणी एकदम मान्य," ते म्हणाले. "तत्त्वाची गोष्ट आहे. पहिलीचं दिवाळीनंतर बघू."

"कुठल्या दिवाळीनंतर?" तात्यांनी विचारलं. आप्पाशेटनी दुसऱ्या कानात काडी घातली.

दुसऱ्याच दिवशी बोर्ड लागला. "बक्षीस देऊ नये. घेऊ नये. हुकुमावरून." अक्षर माझंच. त्याच दिवशी संध्याकाळी गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीखाली एक पत्र्याची पेटीही लागली. तिच्यावर "धर्मादाय" असं लिहिलेलं होतं आणि तिची किल्ली आप्पाशेटच्या जानव्याला होती. ज्यांना द्यायची सवय लागली होती, त्यांचे हात शिवशिवायचे. ते बिचारे बोर्ड वाचायचे, ओशाळायचे आणि पेटीत टाकायचे.

तात्या मला म्हणाले, "तुझी क्रांती देवाला पावली रे. शेटच्या."

बोर्डामुळे खऱ्या अर्थाने सुखी झाले ते फक्त गोवर्धनशेट. ते मुद्दाम बोर्डाखालच्या खुर्चीवर बसू लागले आणि मुंबईचा कोणी नवा माणूस खिशात हात घालताना दिसला की बोटाने वर दाखवून म्हणायचे, "नियम म्हणजे नियम." आयुष्यभराच्या चिकटपणाला अशी सरकारी मान्यता मिळालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. ठेकेदाराने बोर्ड वाचून विचारलं, "दंड कितना है?" दंड नाही म्हटल्यावर तो निराश झाला. दंड भरण्यातही त्याला मजा वाटली असती.

मी मात्र खूश होतो. निदान चहा तरी आल्या क्रमाने जाऊ लागला होता. बाकीचे वेटर माझ्याशी बोलत नव्हते, पण इतिहासात असं होतंच.

आता धाकलीबायबद्दल सांगायला हवं, कारण समाधान भोजनालय चालत होतं ते आप्पाशेटमुळे नाही, तिच्यामुळे. धाकलीबाय किनाऱ्यावरच्या दांडी गावची कोळीण. नाव धाकली, पण दारातून यायची तेव्हा दार भरायचं. रोज सकाळच्या एसटीने टोपली घेऊन यायची. पापलेट, रावस, बोंबील, हंगामात असेल ते. आणि तिचा मासा कालचा आहे असं म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. आमच्याकडे दुपारी साहेबलोकांची रांग लागायची ती या माशासाठी. मागच्या दारी माल मोजून दिला की धाकलीबाय पुढे येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसायची. आप्पाशेटकडून तिला एक चहा फुकट. चहा पिऊन झाला की कमरेच्या ओच्यातून कागदाची पुडी काढून कपाशेजारी ठेवायची. पुडीत मूठभर सुका जवळा, नाहीतर दोन-चार सुके बोंबील. ज्याने चहा आणला त्याचे. हे मी लागायच्या आधीपासून चालत आलेलं.

बोर्ड लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा चहा मी नेला. तिने पुडी ठेवली. मी पुडी तिच्याकडे सरकवली.

"बाय, बक्षीस बंद झालंय. बोर्ड लावलाय."

"काय लिवलाय?"

मी वाचून दाखवलं.

"शेटनं लावला?"

"आम्ही सगळ्यांनी." तात्या दारातून जोरजोरात मान हलवत होते, पण मी तिकडे पाहिलं नाही. "बाय, तुम्ही गैरसमज करू नका. कामाचा मोबदला म्हणजे पगार. त्याच्यावर कोणी मर्जीने काही दिलं तर ती भीक होते. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. हे आपल्याला मोडायचंय."

धाकलीबाय उठली. बाकडं एकदम हलकं झालं.

"भीक?" ती म्हणाली. "मी तुला भीक घातली?"

"तसं नव्हे, तत्त्व म्हणून—"

"सरळ सांग ना, आमच्या हातचा नको. आमचा वास येतो. एवडं लिवायला फळी कशाला पायजे?"

तिने पुडी ओच्यात घातली, टोपली उचलली आणि रूळ ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे आमच्या प्रतिस्पर्ध्याचं हॉटेल होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचा मासा तिकडे जाऊ लागला. तिच्या शब्दाखातर दांडीच्या बाकीच्या बायांनीही आमच्या दाराकडे पाठ फिरवली.

आप्पाशेटनी पहिल्या दिवशी बाजारातून मासे आणले. लाल साहेबाने घास तोंडात घातला, थांबला, आणि या वेळी काटे रांगेत न लावता ताट सरकवून गेला. मग मुंबईचे इंजिनियर गेले. मग ठेकेदार गेला. पलीकडे नाणं आपटलेलं आम्हाला इकडे ऐकू यायचं. शेवटी एकटे गोवर्धनशेट बोर्डाखाली उरले, आणि ते शाकाहारी.

आप्पाशेटनी मला गल्ल्यापाशी बोलावलं. "मध्या, परवा सकाळपर्यंत धाकली इथे माझ्या मागच्या दारात दिसली पाहिजे. नाही दिसली, तर तू पालघरला दिसशील."

मला एकदम आईचं ताट दिसलं.

तात्यांनी सल्ला दिला, "पाय धर. काही बोलू नको. तू बोललास की बिघडतं."

मी दांडीची एसटी धरली. किनाऱ्यावर बांबू रोवून, आडव्या दांड्या बांधून बायका बोंबील वाळत घालत होत्या. वाळूवर मऊ, ओल्या बोंबलांचे ढीग. धाकलीबायने मला लांबूनच ओळखलं.

"ए बायांनो, बोर्ड आला गो!"

सगळ्या हसल्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"उभा नको राऊ, हात चालव," धाकलीबाय म्हणाली. "बोलायचं त्ये काम करून बोल."

बोंबील वाळत घालणं दिसतं तितकं सोपं नाही. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दांडीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. बायांचे हात बघता बघता रांग लावत होते. माझी जोडी दांडीवर टाकली की सुटायची आणि दोघं दोन बाजूंना वाळूत. कावळ्यांना हे लवकर समजलं. ते सगळे माझ्याच दांडीखाली येऊन बसले.

एक म्हातारी म्हणाली, "याच्या जोड्या टिकत नाय गो. लग्न जमवायला नका बोलवू याला."

मी म्हटलं, "धाकलीबाय, तुम्ही आला नाहीत तर माझी नोकरी जाते."

"जाऊ दे. तत्त्व हाय ना तुज्याकडं?"

"आई घरात घेणार नाही."

"शानी हाय तुजी आई."

"मी पुडी घेतो. तुम्ही द्या, मी घेतो. उद्यापासून रोज."

धाकलीबायचे हात थांबले. "आता मागतंस?"

"हो."

"आन मागून घेतली ती काय रं? तूच सांगितलंस ना त्या दिशी?"

तिने माझंच वाक्य माझ्यावर फेकलं होतं, आणि माझ्यापेक्षा निम्म्या शब्दांत. माझ्या दांडीवरून आणखी एक जोडी सुटली.

मग तीच बोलू लागली. आवाज चढा होता, पण मला वाटतं तिला भांडायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं. किंवा मला समजावायचं होतं. तिच्या बोलण्यात दोन्ही सारखंच ऐकू येतं.

"मला नीट सांग. मी पुडी ठेवते त्ये बक्षीस?"

"हो."

"आन तुजा शेट मला फुकट चा पाजतो त्ये?"

मी विचार केला. खोटं बोलणं मला जमत नाही, तो माझ्या शिक्षणातला दोष आहे. "तेही बक्षीसच."

"मग मी त्ये कसं फुकट घेऊ? म्हनून पुडी ठेवायची. तू पुडी बंद केलीस, चा चालू ठेवलास. मग भिकारीन कोन झाली, तू का मी?"

आता सगळ्या बाया हात थांबवून ऐकत होत्या.

"आन आनखी एक सांग," ती म्हणाली. "मापून मोजून माल दिला, हिशेब झाला. मग तुजा शेट टोपलीत हात घालून वर दोन मासे उचलतो. रोज. त्ये काय?"

मी दोन वर्षं ते रोज पाहत होतो. आप्पाशेटचा हात टोपलीत जायचा, चाचपून मोठ्यांतले दोन बाहेर काढायचा, आणि ते म्हणायचे, "हे वरचे." सूर्य उगवतो तितकंच ते सगळ्यांना स्वाभाविक वाटायचं. माझ्या मामांच्या एकाही पत्रकात वरच्या दोन माशांचा उल्लेख नव्हता. पण सगळी पत्रकं त्याच्याबद्दलच होती.

"बोल ना. काय लिवलाय तुज्या कागदात?"

"बक्षीस," मी म्हणालो. "नाही, थांबा. न विचारता घेतलं म्हणजे बक्षीससुद्धा नाही. ती लूट!"

"लूट!" धाकलीबायला तो शब्द फार आवडला. "आयकलंत का गो? लूट बोलतो ह्यो." तिने तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. मग एकदम हात पुसले. "येते मी उद्या. बोर्ड ठेव तसाच. मला बोर्ड आवडला."

मी निघालो तेव्हा वाळूत पडलेले माझे बोंबील तिने झटकून पुन्हा दांडीवर घातले. एकही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. मागच्या दारी नाही; पुढच्या दारी, भर सकाळच्या गर्दीत. गोवर्धनशेट बोर्डाखाली होते. बातमी फुटल्यामुळे ठेकेदारही परत आला होता. टोपली तिने थेट गल्ल्यासमोर ठेवली. माल मोजला. आप्पाशेटनी प्रसन्न होऊन पैसे दिले आणि सवयीने हात टोपलीकडे नेला. धाकलीबायने टोपलीवर आपला तळवा ठेवला.

"शेट, बोर्ड."

"अगं, तो वेटरांसाठी आहे," आप्पाशेट हसत म्हणाले.

"मध्या, वाच."

मी वाचलं. मोठ्याने वाचलं. "बक्षीस देऊ नये. घेऊ नये. हुकुमावरून."

"यात वेटर कुटं हाय?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.

"हुकूम कुनाचा?"

"मालकांचा."

आप्पाशेट माझ्याकडे असं पाहत होते की पालघरची गाडी मला स्पष्ट दिसली. तेवढ्यात बोर्डाखालून आवाज आला. गोवर्धनशेट चहाची बशी खाली ठेवून, बोट वर करून म्हणाले, "नियम म्हणजे नियम, आप्पा." त्या माणसाने आयुष्यात कोणाला काही दिलं असेल, तर ते एवढंच, आणि ते मला दिलं.

आप्पाशेटचा हात परत आला. धाकलीबाय आत आली, मधल्या टेबलाची खुर्ची ओढून बसली. खुर्ची कुरकुरली. "एक चा. पैशाचा."

ठेकेदाराने नाक मुरडून खुर्ची सरकवली. "अरे, मच्छी की बू आती है।"

"कालच्या पापलेटाला अत्तर लावून खाल्लंस काय रं?" धाकलीबायने विचारलं. त्याला मराठी समजत नव्हतं, पण हॉटेल ज्या रीतीने हसलं ते समजलं. तो उरलेला चहा मुकाट्याने प्यायला.

आप्पाशेटनी हा नियम थोडेच दिवस सोसला. रोज सकाळी त्यांचा हात टोपलीकडे निघायचा आणि वाटेत आठवण होऊन डोकं खाजवायचा. त्या दिवसांत त्यांच्या डोक्याला फार खाज सुटली. मग एका सकाळी बोर्ड जागेवर नव्हता. "रात्री वारा सुटला होता," आप्पाशेट म्हणाले. त्या वाऱ्याने चारही खिळे उपटून बोर्ड कोळशाच्या पोत्यामागे नीट उभा करून ठेवला होता. त्यांचा हात त्याच दिवशी पुन्हा टोपलीत शिरला, पण धाकलीबायने मनगट धरलं. "बोर्ड गेला, डोळे हायत ना माजे?" तेव्हापासून वर एकच मासा असतो, आणि तो ती स्वतः निवडून स्वतःच्या हाताने ठेवते. चहा पैशाचाच पिते. मधल्या टेबलावरच पिते.

नोकरी गेली नाही. उलट पलीकडच्या मालकाने मला निरोप पाठवला, की ज्या पोरामुळे मासे जातात आणि येतात तो पोरगा आपल्याकडे असलेला बरा. हा निरोप मी तात्यांना सांगितला आणि तात्यांनी तो योग्य जागी, योग्य वेळी, आप्पाशेट जेवून तृप्त असताना सांगितला. आप्पाशेट मला पगारवाढ द्यायला तयार झाले. मी म्हटलं, वाढ माझ्या एकट्याला नको, सगळ्यांना द्या. मिळाली, मागितली त्याच्या निम्मी. मामांना मी पत्राने कळवलं, की पत्रकांनी नाही जमलं ते बोंबलांनी केलं. त्यांचं उत्तर आलं नाही.

आता बोईसरमध्ये टिप पक्की झाली आहे. जे देत नाहीत तेच आता चोरासारखे पाहतात आणि पटकन उठतात. नवे वेटर नोकरी विचारायला येतात तेव्हा पगाराआधी विचारतात, "टेबलं कुठली मिळतील?" साहेबलोक ज्या कोपऱ्यात बसतात तो कोपरा कोणाचा, यावरून दोघांची डोकी फुटली. माझं म्हणणं अजून तेच आहे. माणसाचं पोट दुसऱ्या माणसाच्या मर्जीवर ठेवू नये, आणि चहा आल्या क्रमाने द्यावा. माझ्या टेबलांवर मी तो क्रम पाळतो. बशीतलं नाणं मी मात्र आता जीपमागे घेऊन धावत नाही. सर्वांचं एकत्र जमवतो आणि आचारी, कपबशी विसळणारे, सगळ्यांत वाटतो. तात्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, बडीशेप मी मांडतो आणि वाटा मोरीला जातो.

पण धाकलीबायने मला त्या दिवसानंतर कधी काही दिलं नाही. तात्यांनी चहा नेला तर पुडी ठेवते. बाकी कोणीही नेला तरी ठेवते. मी नेला की ओच्याला हात लावत नाही. एकदा मीच म्हटलं, "बाय, माझा जवळा?" ती म्हणाली, "तुला भीक वाटते. कशाला तुजा धरम मोडू?" ती रागाने म्हणाली नाही, हेच वाईट. तात्यांच्या डब्यातला कांद्यावर परतलेला जवळा दुपारी दरवळतो. मी माझी भाजी खातो आणि माझ्या तत्त्वांचा विचार करतो.

म्हणून गेल्या काही दिवसांपासून मी एक करतो. तिचा कप भरून झाला की बशीतही थोडा ओततो. मालकाच्या दुधावर उदार होणं ही चोरी आहे, म्हणून त्या बशीभर चहाचे पैसे मी माझ्या पगारातून गल्ल्यात टाकतो. पहिल्या दिवशी धाकलीबायने भरलेल्या बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्ये काय रं?"

"वरचा," मी म्हणालो.

गल्ल्यावर मी आधीच ठेवलेल्या नाण्याकडे तिने एक नजर टाकली. मग दोन्ही हातांनी बशी उचलली, फुंकर घातली आणि एका घोटात संपवली.

"साकर कमी हाय," ती म्हणाली. "उद्या नीट घाल."